जुन्या बॉयलरचा नियम

फिटरने दातांच्या डॉक्टरीणबाईंचं मनगट धरलं. खुर्चीत उताणा पडलेला, तोंड उघडं, गळ्याभोवती निळा कागद. पण पकड पान्यावर असते तशी.

"दातांवरचं कीट काढायचं नाही," तो म्हणाला. "हलतो तो दात बघा. बाकीच्यांना हात लावायचा नाही."

"आधी मनगट सोडा, काका. संध्याकाळपर्यंत मला ते लागणार आहे."

दाराजवळच्या स्टुलावर त्याची बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "रक्त येतं म्हणून ब्रश सोडला यांनी," ती म्हणाली. "आता पाव दुधात भिजवून खातात, तान्ह्या बाळासारखा."

"तू गप्प बस गं."

"मी गप्पच होते. दात बोलायला लागला."

फिटरने मनगट सोडलं आणि आपलं म्हणणं मांडलं. कपडे धुण्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तो बॉयलर सांभाळत होता. जुन्या बॉयलरचा एक नियम असतो : आत साचलेल्या क्षारांच्या थराला डिवचायचं नाही. एका नव्या साहेबाने हौसेने आम्ल घालून बॉयलर आतून लख्ख करून घेतला, तर दुसऱ्या दिवशी नळ्या बावीस ठिकाणी गळायला लागल्या. थरानेच भोकं बुजवली होती. त्याच्या वडलांचंही तसंच झालं. एक्कावन्नाव्या वर्षी दात साफ करून घेतले आणि वर्षाच्या आत तोंडाचं बोळकं झालं.

"घाण होती तोवर दात होते," फिटर म्हणाला. "आता मी एक्कावन्नाचा आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "वडलांनी साफ करून घेतले तेव्हा दात आधीच हलत होते?"

"जेवताना एक हातात आला, म्हणून तर दाखवायला गेले," फिटर म्हणाला.

"म्हणजे घर जळत आल्यावर बंब बोलावला आणि आग बंबानेच लावली अशी बोंब मारली."

त्यांनी पडद्यावर त्याच्या जबड्याचा फोटो लावला. हाड कुठपर्यंत असायला हवं होतं आणि कुठपर्यंत उरलंय, ते बोटाने दाखवलं. "कीट हिरडीखाली घुसलंय. त्याच्या आडोशाने हाड झिजतंय. कीट दाताला धरून ठेवत नाही, उपटायची तयारी करतंय. रक्त येतं, तोंडाला वास येतो. कोणी बोललं नाही कधी?"

फिटरने मान वळवली. बायको पिशवीच्या चेनशी झटापट करत होती.

"काढलं तर जास्त हलतील?"

"काही दिवस तसं वाटेल. फटी दिसतील. मग हिरडी आवळून बसते. तुमच्या बॉयलरचं लोखंड आपोआप भरून येतं?"

"नाही."

"हिरडी जिवंत आहे. गेलेलं हाड मी परत आणणार नाही, थापा मारत नाही. पण उरलंय ते टिकेल. खालच्या पुढच्या एका दाताचं मात्र काही सांगत नाही."

मालकाच्या बॉयलरची पाण्याची पातळी दाखवणारी काच फिटरने तासातासाला बघितली होती. स्वतःच्या तोंडात सव्वीस वर्षांत कोणी बॅटरी मारली नव्हती. कष्टकऱ्याचा दात दुखला की उपटायचा, एवढंच वैद्यक त्याच्या वाट्याला येतं. आणि तेवढंच असतं असं त्यालाही वाटू लागतं, ही खरी चीड आणणारी गोष्ट.

फिटरने आ केला.

दोन खेपा लागल्या. ट्रेमध्ये पडलेला एक तुकडा त्याने मागून घेतला आणि चिमटीत चोळून पाहिला. बॉयलरमधल्या थरासारखाच पिवळा-काळा टणक माल. फटींत घालायचा ब्रश त्यांनी दिला, तो नळ्या साफ करायच्या ब्रशचं पिल्लूच निघाला.

पहिला आठवडा त्याने डॉक्टरीणबाईंना मनातल्या मनात शिव्या घातल्या. जीभ जिथे तिथे फटीत शिरे. रोज सकाळी अंगठ्याने तो एकेक दात चाचपून बघे. तरी घासणं सोडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात थुंकी पांढरी आली, रक्ताचा थेंब नाही. नळ सोडण्याआधी त्याने परत एकदा थुंकून पाहिलं.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तो पुढचा दात चिमटीत धरून हलवून पाहिला. परत पाहिला.

"बसला."

"म्हणजे?"

"म्हणजे राहतोय. दर तीन महिन्यांनी यायचं. बॉयलरची तपासणी चुकवता का कधी?"

"परवाना जातो."

"मग झालं तर."

वाटेत त्याने एक सफरचंद घेतलं. आधी दाढांनी, मग हळूच पुढच्या दातांनी तो ते भर रस्त्यात खात घरी आला. उरलेला देठ खिशात ठेवला.

बायको खिडकीशी बसून परकराला दोरे घालत होती. दोन वर्षांपूर्वी तिने आपली खुर्ची टेबलाजवळून तिथे नेली होती. उजेड लागतो म्हणाली होती. तेव्हापासून दोघं खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे बोलत.

"दात बसला म्हणाली डॉक्टरीण," टेबलाशी बसत फिटर म्हणाला. "राहतोय म्हणाली."

बायकोने काम थांबवलं. मग उठली, खुर्ची उचलली आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ आणून ठेवली. शिवण मांडीवर घेतली.

"उजेड तिकडे होता ना?" फिटरने विचारलं.

तिने दोऱ्याचं टोक ओलं केलं. पहिल्या झटक्यात सुईत ओवलं.

"इथेही दिसतं," ती म्हणाली. "सांगा पुढे. आणखी काय म्हणाली?"