जपानी बाप काय म्हणतो

अमृतनं पुण्यात एक जपानी सिनेमा पाहिला आणि तिथंच गड्याचं डोकं फिरलं. सिनेमात होतं तरी काय? एक पोरगा बऱ्याच वर्षांनी गावी येतो, बापासमोर बसतो आणि दोन तास कुणी धड बोलत नाही. झालं. पण हा बहाद्दर अंधारात हुंदके देऊन रडला आणि शनिवारी तोच सिनेमा पेन ड्राइव्हमध्ये घालून आपल्या गावी, निमगाव साव्याला आला.

त्याच्या बापानं, चांगदेवांनी, चार वर्षं अबोला धरला होता. यात्रेच्या बैलगाडा शर्यतीत चांगदेवांचे बैल धावायचा घाट सोडून उधळले ते थेट जिलेबीच्या पालात घुसले, आणि अमृत चारचौघांत खो खो हसला. माणूस स्वतःवरचं हसणं पोटात घालील, बैलांवरचं नाही. तेव्हापासून अमृतनं गावात पाय ठेवला नव्हता. फोन केला, की चांगदेव तो शेजारच्या गेणभाऊंच्या हातात द्यायचे. अबोल्याचाही एक कायदा असतो राव. ज्याच्याशी बोलायचं नाही, त्याला तिसऱ्याकरवी ऐकवायचं.

आजही तेच.

"गेणभाऊ, पावण्याला इचार, च्या घेनार का?" चांगदेव म्हणाले.

पोटच्या पोराला पावणं. अमृतच्या काळजाला घरं पडली. बापानं एकदा तरी तोंडावर 'अरे' म्हणावं, एवढ्यासाठीच तो आला होता.

त्यानं सिनेमा लावला. टीव्ही आपला आहे म्हणून चांगदेव जागचे हलले नाहीत. दहा मिनिटं पडद्यावरचे बाप-लेक चहाच्या वाट्यांकडं बघत बसले.

"गेणभाऊ, टीव्हीचा आवाज गेलाय का बघ."

"आवाज हाय. त्येच बोलत न्हाईत."

"का? त्यांच्यात बी बैलं व्हती का?"

तेवढ्यात पोरगा काहीतरी पुटपुटला आणि खाली इंग्रजीत एक ओळ उमटली. चांगदेवांनी भिंतीला विचारलं, "काय म्हनतोय त्यो?"

अमृतनं पडद्यावरची नजर हलवली नाही. "तो म्हणतोय, दादा, मी हसलो ते लई चुकलं. पुण्याचे दोस्त बरोबर होते, त्यांच्यापुढं मला तुमची लाज वाटली. आता त्या लाजेचीच लाज वाटते."

गेणभाऊ खाकरले. तीस वर्षं टपाल वाटताना त्यांनी इंग्रजी पत्ते वाचले होते, आणि आलेला मजकूर दाबून ठेवायची त्यांना सवय नव्हती.

"चहा गार झाला, असं लिवलंय तिथं," ते म्हणाले.

अमृतला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"ठावं हाय," चांगदेव म्हणाले. "एवढुशा ओळीत एवढं मावतंय व्हय? आता बाप काय म्हनतोय?"

गेणभाऊंनी चष्मा सावरून पडद्याकडं पाहिलं. "काय न्हाई. गप बसलाय."

"तुला काय कळतंय. म्या सांगतो."

चांगदेव सबंध वळून अमृतसमोर झाले.

"त्यो म्हनतोय, अरे गाढवा, बैलांचं तर म्या दुसऱ्याच दिशी इसरलो. ह्यो अबोला तू आला न्हाईस त्याचा व्हता."