तिसरी खुर्ची

सुनीतीबाईंनी नातीच्या डोक्यावरची टोपी काढली आणि सांगितल्याप्रमाणे तिसऱ्यांदा पुन्हा ठेवली.

"हळू, आजी. आणि ठेवून झाली की इकडे बघून हसा," संस्कृती म्हणाली. विमानातल्या एअरहोस्टेस मुलींमध्ये ती सगळ्यात धाकटी. फोन उभा धरून ती दारातच अर्धवट वाकली होती. "परफेक्ट! आता केक."

केकवर निळ्या क्रीमचं विमान काढलेलं होतं. शेफालीने आजीला भरवलं, आजीने शेफालीला. ते क्रीम सुनीतीबाईंच्या टाळ्याला वनस्पती तुपासारखं चिकटून बसलं. त्या पाणी प्यायल्या, तरी हटेना.

"आजी एअरहोस्टेस, नात कॅप्टन, दोघी एकाच विमानात," टाइप करता करता संस्कृती मोठ्याने वाचत होती. "कंपनीच्या पेजवर जाणार हां आजी. व्हायरल होणार तुम्ही."

"या वयात तेवढंच राहिलं होतं," सुनीतीबाई म्हणाल्या आणि रुमालाने ओठ पुसत पहिल्या रांगेतल्या कडेच्या जागेवर जाऊन बसल्या.

दिल्लीत त्यांचं काहीही काम नव्हतं. शेफाली कॅप्टन झाली तेव्हा त्यांनीच हट्ट धरला होता, एकदा तुझ्या विमानातून ने, कुठेही ने. नोकरीची सगळी वर्षं त्या कॉकपिटमध्ये चहाचा ट्रे घेऊन गेल्या होत्या, आणि डावीकडच्या, कॅप्टनच्या खुर्चीत त्यांनी कधी बाई पाहिली नव्हती. आज त्या खुर्चीत त्यांच्या लेकीची लेक बसणार होती. पहाटे खडकीहून निघताना त्यांनी ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली, शेजारच्या यमुनाबाईंना किल्ली दिली आणि उद्यापर्यंत दूध नको म्हणून सांगितलं. सामान म्हणजे एक हातातली बॅग.

प्रवासी आले. लॅपटॉपच्या पाठपिशव्या घेतलेली हिंजवडीची पोरं, एक लग्नाचं वऱ्हाड, मांडीवरची दोन बाळं. विमान गच्च भरलं. गेटवरचा सार्थक वजनाच्या हिशेबाचा कागद घेऊन आत आला आणि त्याच्या मागोमाग एक तरुण वैमानिक दारापाशी येऊन थांबला.

त्याचा गणवेश दुसऱ्या कंपनीचा होता. टोपी हातात होती. चाकांची बॅग त्याने विमानाच्या दाराबाहेर, टर्मिनलला जोडणाऱ्या बोगद्यातच भिंतीला लावून ठेवली होती.

सुनीतीबाईंचं लक्ष त्या बॅगेवर गेलं. याला कुणीतरी नीट शिकवलंय, त्यांच्या मनात आलं.

विमान भरलेलं असलं, की अडलेल्या वैमानिकासाठी एकच जागा उरते. कॉकपिटमध्ये दोघा वैमानिकांच्या मागे एक घडीची खुर्ची असते, जम्पसीट. दुसऱ्या कंपनीच्या माणसालाही ती देता येते, तसा करार असतो. पण शेवटचा शब्द कॅप्टनचा. म्हणून मागणाऱ्याने स्वतः दाराशी यायचं, टोपी काढायची आणि बॅग बाहेर ठेवून विचारायचं. बॅग आत आणली म्हणजे होकार गृहीत धरला असा अर्थ होतो. हे सगळं कुठे लिहिलेलं नाही. सुनीतीबाईंच्या वेळीही नव्हतं.

शेफाली कॉकपिटमधून बाहेर आली.

"गुड मॉर्निंग, मॅम. फर्स्ट ऑफिसर धम्मदीप." त्याने गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. "आमची सकाळची फ्लाइट कॅन्सल झाली. स्टँडबाय तिकीट आहे माझ्याकडे, पण तुमचं विमान फुल आहे. जम्पसीट मिळेल का?"

"पुढचं विमान बघा ना."

"दुपारपर्यंत कुठेच जागा नाही, मॅम. दिल्लीला आज माझी सिम्युलेटरची परीक्षा आहे. दुसरा अटेम्प्ट." त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "नाही पोचलो, तर फेल धरतात. मग कंपनी ठेवत नाही."

शेफालीने सार्थकच्या हातातल्या कागदावर नजर टाकली. टाकल्यासारखं केलं.

"सॉरी. वजनाचा प्रॉब्लेम आहे आज."

धम्मदीपने एकदा मान हलवली. "ओके, मॅम. सेफ फ्लाइट." तो मागे सरकला आणि बोगद्यात बॅगेच्या शेजारी जाऊन उभा राहिला. कुणाला तरी फोन लावला आणि उचलायच्या आतच बंद केला.

सुनीतीबाईंच्या टाळ्यावरचं क्रीम अजून गेलं नव्हतं. विमान जड झालंय, ही जुनी सबब. तिच्यावर उलट बोलता येत नाही, कारण वजनाचा हिशेब कॅप्टनच्या हातात. त्यांच्या वेळीही ही सबब होती. पण ती देताना कॅप्टन समोरच्याला हिशेबाचा कागद दाखवायचा. पुण्याची आखूड धावपट्टी आणि मे महिन्याचं ऊन असलं तर खरंच अडायचं. आज डिसेंबर होता. पहाटे घरून निघताना त्यांनी शाल घेतली होती.

"शेफाली," त्यांनी हाक मारली.

शेफाली त्यांच्या जागेपाशी वाकली. "काय गं आजी? ब्लँकेट हवंय?"

"वजनाचं खरं आहे?"

शेफालीने मागे पाहिलं. मागच्या रांगेतला माणूस कानात बोळे घालून डोळे मिटून बसला होता.

"असंच म्हणतात गं. नाही म्हणायची पद्धत आहे ती."

"पद्धत मला नको सांगूस. का नाही म्हणालीस, ते सांग."

"याच्या कंपनीने माझ्याशी काय केलं माहितीये तुला? हैदराबादला. त्यांच्या कॅप्टनने मला दारात ताटकळत ठेवलं, स्वतः कॉफी पीत बसला आणि मग म्हणाला, वेट इश्यू. हसत म्हणाला, आजी. मी रात्रभर एअरपोर्टच्या खुर्चीवर बसून काढली."

"तो कॅप्टन हा होता?"

"हा कसा असेल? पण त्यांचाच ना." शेफालीचा आवाज आणखी खाली आला. "आमच्या पायलटांच्या ग्रुपवर ठरलंय. त्यांच्या कुणालाही घ्यायचं नाही. मी घेतलं, तर संध्याकाळपर्यंत स्क्रीनशॉट फिरतील. आत्ताच कॅप्टन झालेय मी. सगळ्यांचे टोमणे मीच ऐकायचे का?"

सुनीतीबाईंनी रुमालाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

त्यांना आपल्या वेळचे कॅप्टन घोरपडे आठवले. खाजगी कंपन्या नव्याने निघाल्या, तेव्हा सरकारी कंपनी सोडून तिकडे जाणारा पहिला माणूस म्हणजे घोरपड्यांचा सहकारी, कॅप्टन साने. जाताना त्याने घोरपड्यांच्या हाताखालची तयार पोरंही फोडून नेली. घोरपडे त्याचं नाव काढत नसत. दुसऱ्या कुणी काढलं तर उठून जात. आणि एका हिवाळ्यात भोपाळला धुक्यात अडकलेला साने नव्या कंपनीच्या चकचकीत गणवेशात त्यांच्याच विमानाच्या दाराशी आला. बॅग बाहेर, टोपी हातात. सुनीतीबाई दारातच होत्या. घोरपड्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "बॅग आत घे. थंडी आहे." मुंबईपर्यंत दोघे एक अक्षर बोलले नाहीत. सुनीतीबाई चहा घेऊन गेल्या, तेव्हा घोरपड्यांनी मान न वळवता अंगठ्याने मागे खूण केली. आधी त्याला.

दोघांची दिलजमाई पुढेही कधी झाली नाही. साने वारला तेव्हा घोरपडे भेटायलासुद्धा गेले नाहीत. राग राग होता, खुर्ची खुर्ची होती. तेव्हाची माणसं काही देव नव्हती. पण दारात उभ्या राहिलेल्या माणसाला खोटं सांगायची त्यांना किळस यायची. तीच किळस आता सुनीतीबाईंना आली, आणि तिला त्या केकची चव होती.

त्या उठल्या. वरच्या कप्प्यातली बॅग काढायला त्यांनी हात वर केले.

"आजी, काय करतेस?"

"उतरते."

"उतरते म्हणजे?"

"वजनाचा प्रॉब्लेम आहे ना? चांगलं भरलेलं वजन आहे माझं. तो पोरगा काटकुळा आहे. तुझा फायदाच होईल."

संस्कृती धावत आली. "आजी, बरं वाटत नाहीये का? डॉक्टरना बोलावू?"

"मला काही झालेलं नाही, बाळ. आणि विमानाच्या पोटात माझं सामान नाही, त्यामुळे उतरवायला शोधत बसावं लागणार नाही. एवढीशी बॅग आहे, ती हातात आहे. जागेखाली बघून घ्या, म्हणजे झालं."

"आजी," शेफाली दातांवर दात धरून म्हणाली, "सगळे बघतायत. तमाशा करू नकोस, प्लीज."

"तमाशा मघाशीच झाला की, केक कापून."

शेफालीचा चेहरा पडला. मघाशी टोपी ठेवताना दिसली होती तशीच ती एकदम लहान दिसली, आणि सुनीतीबाईंचा हात तिच्या गालाकडे जाणारही होता. तेवढ्यात शेफालीने टोपी नीट केली आणि ती सार्थककडे वळली.

"पॅसेंजर स्वतःच्या इच्छेने उतरतायत. केबिनमधली सीट रिकामी झालीय. स्टँडबाय असेल त्याला द्या."

उघड्या दारातून सुनीतीबाईंना कॉकपिट दिसत होतं. उजवीकडे बसलेला वरद, शेफालीचा सहवैमानिक, समोरच्या बटणांकडे नको इतकं लक्ष देऊन पाहत होता. त्याच्या मागे ती खुर्ची भिंतीला घडी करून लावलेली होती. ती तशीच, घडी केलेली, दिल्लीला जाणार होती.

त्या कुणाचा हात न धरता बोगद्यात उतरल्या. थंड वारा आत येत होता. शाल बॅगेत तळाशी गेली होती.

धम्मदीप अजून तिथेच होता. सार्थकने त्याला खूण केली, "चला सर, सीट मिळाली तुम्हाला. लवकर." तो गोंधळून सुनीतीबाईंकडे बघत राहिला.

"तुमची सीट आहे ही?"

"होती."

"पण तुम्ही का उतरलात? तुम्ही तर मॅडमच्या..." त्याने केकचा तो सगळा प्रकार बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून पाहिला असावा.

"मला कुठे परीक्षा द्यायचीये? तू जा."

"थँक यू, आजी." तो वाकला. नमस्कार करायला वाकला हे त्यांना उशिरा कळलं. तोवर त्याचे हात त्यांच्या पावलांना लागले होते. "माझी आई नागपूरहून तीनदा फोन करून राहिली सकाळपासून. तिला काय सांगू, तेच समजत नव्हतं."

त्याचं ते 'करून राहिली' ऐकून सुनीतीबाईंना बरं वाटलं. केकनंतर पहिल्यांदाच काहीतरी खरं कानावर पडल्यासारखं.

"बॅग बाहेर ठेवायला कुणी शिकवलं तुला?"

"आमचे एक जुने इन्स्ट्रक्टर होते. फार कडक."

"चांगला होता माणूस." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू कॅप्टन होशील एक दिवस. तेव्हा माझ्या नातीच्या कंपनीचं कुणी तुझ्या दाराशी आलं, असंच टोपी हातात घेऊन, तर?"

त्यांनी सहज विचारलं होतं. हो आजी, घेईन की, एवढंच त्याने म्हणायचं आणि आत पळायचं. मग त्याही निवांत घरी गेल्या असत्या.

धम्मदीप थांबला. हातातली टोपी त्याने फिरवली. त्याला खोटं बोलायचं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"आजी," तो खाली बघत म्हणाला, "आमच्यापण ग्रुपवर ठरलंय."

"सर, दार लावायचंय," सार्थक म्हणाला.

धम्मदीपने बॅगेचा दांडा उचलला आणि तो आत गेला. मागे वळून पाहिलं नाही. दार लागलं.

सुनीतीबाईंचा हात त्याच्या खांद्याच्या उंचीवर तसाच राहिला होता. तो त्यांनी खाली घेतला, रुमालाला पुसला आणि बाहेरची वाट धरली. चढावर सार्थक म्हणाला, "व्हीलचेअर मागवू का आजी?" त्या म्हणाल्या, "कुणासाठी?"

रिक्षा विश्रांतवाडीच्या गर्दीत अडकली, तेव्हा डोक्यावरून एक विमान गेलं. त्यांनी मान बाहेर काढून पाहिलं नाही. वर्षानुवर्षं आवाज ऐकला होता. कोणतं ते कळलं. पर्समध्ये फोन वाजायला लागला. यमुनाबाई.

"अहो, सुनीतीताई! पोचलात पण? माझ्या सुनेने आत्ता व्हिडिओ दाखवला. काय गोड दिसताय दोघी! त्या साडीत तर तुम्ही... आणि तो केक! खाली लोकांनी काय काय लिहिलंय, वाचून दाखवू? 'नातीच्या विमानातून आजी आकाशात.' मला तर बाई रडूच आलं."

"वाचू नका."

"अं? आवाज येत नाहीये नीट. तिकडे हॉर्न किती वाजतायत! दिल्लीलाही आपल्यासारखंच का हो?"

"मी विश्रांतवाडीत आहे, यमुनाबाई. रिक्षात."

"अगं बाई! पण व्हिडिओत तर तुम्ही विमानात..."

"व्हिडिओतली गेली दिल्लीला," सुनीतीबाई म्हणाल्या. "मी घरी येतेय. दुधाची एक पिशवी घेऊन ठेवा."