ओडेलाबाईंचं पाच डॉलरचं सोनं

जावयाने तोंड म्हणून उघडायचं नाही, ही खोड ओडेलाबाईंना अकरा वर्षं खुपत होती. गिऱ्हाईक सोन्याचं नाणं घेऊन यायचं, हार्लन ते दिव्याखाली धरून हळूहळू कलतं करायचा, भिंग लावायचा आणि गप्प. बरं नाही, वाईट नाही. बाईंचं तसं नव्हतं. नाण्यांच्या दुकानातल्या मोठ्या, मालकाच्या खुर्चीत बसून त्या नाणं एकदा दिव्याखाली धरत आणि लगेच निकाल देत. शाळा सहावीतच सुटली असली, तरी नाण्यावरचं साल आणि टांकसाळीचं अक्षर त्यांना झोपेतही वाचता आलं असतं.

मार्चमधल्या जुन्या नाण्यांच्या बाजाराच्या आदल्या रविवारी कोंबडी आणि मक्याची पोळी वाढता वाढता त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "रूफसचं नाणं यंदा विकणार. माझ्या किमतीला गेलं तर खुर्ची माझी. नाही गेलं तर हार्लनची."

लेक लोरीनने नवऱ्याकडे पाहिलं. हार्लनने पोळीला लोणी लावलं.

नाणं होतं १८४७ सालचं, पाच डॉलरचं, इथल्याच, डहलोनेगा गावच्या जुन्या टांकसाळीतलं. गरुडाच्या पायाशी टांकसाळीचं बारीकसं डी अक्षर. बाईंच्या नवऱ्याने, कैलासवासी रूफसने, लग्नात दिलेलं. "माझ्या प्रेमापोटी त्याने ते कधी विकलं नाही," असं बाई अख्ख्या चर्चला सांगत आल्या होत्या.

बाजारात सकाळपासून तीन जण आले. नाणं बघून तिघांचेही डोळे लकाकले, तिघांनीही ते दिव्याखाली कलतं केलं आणि तिघेही एकाएकी सभ्य झाले. "छान आहे हं, बाई," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे सरकले.

चौथे आले म्हातारे थॅक्स्टन, नाण्यांचे जुने व्यापारी. त्यांना सभ्यपणाची सवय नव्हती.

"ओडेला, ह्याला कुणीतरी आंघोळ घातलीये."

"तुमच्या चष्म्याला घाला आधी."

"माझा चष्मा स्वच्छ आहे. नाणंही स्वच्छ आहे, हाच तर घोटाळा. घासलेल्या जुन्या नाण्याला भाव कोण देतो?"

ते गेल्यावर बाईंनी रूफसच्या बहिणीला मनसोक्त शिव्या घातल्या. तिनेच हात लावला असणार, तिला दुसऱ्याच्या वस्तू हाताळायची हौसच होती. हार्लनने दिवा त्यांच्याकडे वळवला.

बाईंनी चाळीस वर्षांत हजारो लोकांची नाणी दिव्याखाली धरली होती. हे एक कधीच नाही. आता धरलं, कलतं केलं, आणि सोन्यावर केसासारख्या बारीक रेघा उठल्या, सगळ्या एकाच दिशेने. कुणीतरी मन लावून घासलं होतं. उजव्या हाताने. रूफसची बहीण डावखुरी होती.

मग त्यांना सगळं आठवलं. म्हणजे विसरल्या कधीच नव्हत्या. लग्नाला सहा महिने झालेले, ईस्टरची सकाळ. नाणं मळकट पिवळं दिसत होतं आणि त्यांना ते गळ्यात घालून चर्चमध्ये मिरवायचं होतं. खायचा सोडा आणि जुन्या परकराचा तुकडा. इतकी वर्षं त्या स्वतःला समजावत आल्या होत्या, की ते धुणं नव्हतंच, नुसतं पुसणं होतं. आणि त्याच तोंडाने गिऱ्हाइकांना सांगत होत्या, "सोनं धुणाऱ्याला दुकानाची पायरी चढू देऊ नये."

रूफस त्या दिवशी नाण्याकडे बघून घराच्या पायरीवर जाऊन बसला होता. ईस्टरच्या गोडाला, पीकन पायला, हातसुद्धा लावला नव्हता. बाईंना वाटलं होतं, गडी बायकोचं रूप बघून भारावला. विकलं नाही ते प्रेमापोटी कसलं, घेणार कोण होतं ते?

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही पहिल्यांदा दाखवलंत तेव्हाच, ओडेलाबाई. जेवणाच्या टेबलावर."

"अकरा वर्षांपूर्वी? मग बोलला का नाहीस?"

"तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं."

बाईंना हसू आलं, पण दाखवायचं नव्हतं म्हणून त्या खोकल्या. नाणं कडेने धरून त्यांनी पाकिटात सरकवलं, लोरीनला काय सांगायचं आणि चर्चला काय नाही याचा मनाशी हिशेब केला, आणि जावयाकडे वळल्या.

"हार्लन, तू घुम्या आहेस आणि तुझी कॉफी म्हणजे गढूळ पाणी. पण नजर तुझी खरी आहे, माझी नुसतीच जीभ चालायची. खुर्चीवर सोमवारपासून तू बस. आणि यापुढे मी चुकले तर त्याच दिवशी सांगायचं. अकरा वर्षं थांबायला आता मला सवड नाही."