एका हाताची अक्षरं

‘‘डावा हात खाली ठेव,’’ मोहन म्हणाला. ‘‘पुन्हा मध्ये आला.’’

यमुनाने डावा हात कार्डिगनच्या खिशात कोंबला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर एक अमेरिकन बाई एकाच हाताच्या बोटांनी ए-बी-सी-डी काढून दाखवत होती आणि यमुना तिच्यामागून काढत होती. खुणांची ब्रिटिश भाषा तिला चांगली येत होती. पण त्या भाषेत अक्षरं काढायला दोन्ही हात लागतात. उजवा हलला की डावा आपोआप मदतीला धावायचा.

‘‘तनयाने लग्नासाठी इंटरप्रीटर बुक केलेत ना?’’ मोहन म्हणाला. ‘‘तू तुझ्या नेहमीच्या भाषेत बोल. अमेरिकेच्या पाहुण्यांना ते सांगतील.’’

‘‘मग सगळे त्यांच्याकडेच बघतील. माझ्याकडे कोण बघणार, अहो?’’

दिया ही त्यांची नात, मुलीची, म्हणजे तनयाची लेक. जन्मापासून बहिरी. यमुना मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात, कानाच्या विभागात नोकरीला होती. पेशंटच्या कानात मऊ लगदा भरून साचा घ्यायचा, त्यावरून हिअरिंग एडचा मोल्ड बनवायचा, कडा घासून गुळगुळीत करायच्या. मिरजेहून लग्न होऊन आल्यावर मिळालेलं हे काम तिने निवृत्त होईपर्यंत केलं. डॉक्टर नवऱ्याला सगळे ओळखायचे, तिला फारसं कुणी नाही, आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. दियाचे मोल्ड ती स्वतः बनवायची, जांभळे, आत चमकी घातलेले. पहिलीतल्या दियाने एक दिवस ते दोन्ही काढून आजीच्या तळहातावर ठेवले आणि तोच हात धरून तिला खुणेने ‘मांजर’ म्हणायला शिकवलं. मग ‘बिस्किट’. मग ‘आजी चुकली’. त्या हिवाळ्यात यमुनाने खुणांच्या भाषेच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

आता तीच दिया बहिऱ्या मुलांच्या शाळेत इतिहास शिकवत होती आणि मँचेस्टर युनिव्हर्सिटीत संशोधनाला आलेल्या केलेबशी लग्न करत होती. केलेब अमेरिकन, बहिरा, आणि त्याच्या घरात कित्येक पिढ्या बहिऱ्या. लग्नात वधूपक्षाकडून चार शब्द आजीने बोलायचे, असं दियानेच ठरवलं होतं.

‘‘इंग्रजी तुमची-त्यांची एकच. मग खुणांच्या भाषा दोन कशा?’’ दिया रविवारी जेवायला आली तेव्हा यमुनाने तिला खुणांनी विचारलं.

दियाने ताट बाजूला सारलं. आवडता विषय निघाला की तिला दोन्ही हात मोकळे लागत.

‘‘दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे,’’ ती खुणांनी सांगू लागली. ‘‘अमेरिका नवी होती. व्यापार वाढत होता, गिरण्या निघत होत्या, आणि लोकांना सगळंच सुधारायचं होतं. दारू बंद करा, तुरुंग बदला, गुलामगिरी संपवा, शाळा काढा. हार्टफर्ड गावातल्या एका डॉक्टरची मुलगी बहिरी होती. त्याने गावात वर्गणी काढली आणि एका तरुण पाद्रीला इकडे पाठवलं, बहिऱ्यांना कसं शिकवतात ते बघून ये म्हणून.’’

‘‘इकडे म्हणजे इंग्लंडला?’’

‘‘हो. पण इथल्या शाळा एकाच घराण्याच्या हातात होत्या. ते म्हणाले, आमच्याकडे काही वर्षं नोकरी करा आणि शिकाल ते बाहेर कुणाला सांगू नका. पाद्री कंटाळला आणि पॅरिसला गेला. तिथले एक बहिरे मास्तर त्याच्याबरोबर अमेरिकेला गेले आणि त्यांनी तिथली पहिली शाळा सुरू केली. म्हणून केलेबची भाषा फ्रेंचांच्या जास्त जवळची, अक्षरंही त्यांच्यासारखी एका हाताची.’’

‘‘म्हणजे इथल्या लोकांनी तेव्हा जरा मन मोठं केलं असतं, तर मला आज हात खिशात घालावा लागला नसता.’’

दिया हसली. मग तिने पुन्हा हात वर घेतले. ‘‘सरकारने त्या शाळेला अलाबामातली जमीनही दिली, आजी. ती विकून शाळा उभी राहिली. जमीन मूळ रहिवाशांकडून घेतलेली. मुलांना मी हेसुद्धा शिकवते.’’

लग्नाच्या आठवड्यात केलेबची आजी आली. रूथ तिचं नाव. ऐंशी उलटलेली, उंच, पांढरे केस कापलेले, आणि माणूस बोलत असताना त्याच्यावरून नजर न काढणारी. उतरायला ती यमुनाच्याच घरी होती. पहिल्या संध्याकाळी तिने दियाकडे बघत तिचं नाव एका हाताने काढलं आणि दुसरा हात छातीवर ठेवला.

मोहनचा चेहरा पडला. तो यमुनाच्या कानाशी लागला. ‘‘तिने करंगळी वर केली. करंगळी म्हणजे वाईट ना? आपल्या दियाला वाईट म्हणतेय ती.’’

‘‘इकडे वाईट. त्यांच्याकडे ते ‘आय’ अक्षर आहे. दियाच्या नावातलं.’’

‘‘खात्री आहे ना तुझी?’’

यमुनाला इतकं हसू आलं की रूथने भुवया उंचावून कारण विचारलं. यमुनाने ते दियाला आणि दियाने रूथला सांगितल्यावर ती गंभीर चेहऱ्याने मोहनसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही करंगळ्या वर केल्या. सगळ्यांच्या आधी मोहनच हसला.

दुसऱ्या दिवशी बाकीचे हॉल सजवायला गेले. तनया निघता निघता म्हणाली, ‘‘आई, तुझं स्पीच रेडी झालं ना? आणि लंच फ्रिजमध्ये ठेवला आहे, तुम्ही दोघी खाऊन घ्या, ओके?’’

घरात दोन म्हाताऱ्या उरल्या. यमुनाने चहा केला, पोहे केले. सुरुवातीला रूथचं बोलणं तिच्या हाताला लागेना. रूथचे हात भराभर चालत. यमुना ‘सावकाश’ म्हणे, तेही ब्रिटिश भाषेत, आणि दोघी थांबत. मग रूथने टेबलावरची साखर बशीत पसरली. जिथे खूण कळेना तिथे ती साखरेत बोटाने इंग्रजी शब्द लिही, आणि यमुना बशी हलवून साखर सारखी करी. असं करत करत रूथने आपल्या खापरपणजोबांची गोष्ट सांगितली.

त्यांचं नाव जोसाया. मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, जन्मापासून बहिरा. घरात त्याच्यासाठी ‘खा’, ‘ये’, ‘गाय’ एवढ्याच खुणा. हार्टफर्डची शाळा निघाली तेव्हा त्याची विशी उलटली होती. राज्याने गरीब मुलांचा खर्च उचलायचं ठरवलं आणि बापाने त्याला बैलगाडीत घालून तिथे सोडलं. आपल्याला विकून टाकलं, असंच त्याला वाटलं. पहिले काही दिवस तो दारापाशीच बसून असायचा. मग त्याला शब्द मिळाले. सुट्टीत घरी आला तेव्हा पाटी घेऊन तो आईच्या मागे मागे फिरू लागला.

‘‘का?’’ यमुनाने विचारलं.

रूथने साखर सारखी केली आणि लिहिलं, ‘नाव’.

‘‘प्रत्येक माणसाला नाव असतं, हे त्याला शाळेत कळलं होतं,’’ ती हातांनी म्हणाली. ‘‘आपल्या आईचं काय, हे त्याला माहीत नव्हतं. तिने पाटीवर लिहिलं, मर्सी. त्याने ती पाटी पुसू दिली नाही.’’

यमुनाला सगळे हातवारे कळले होते. ‘नाव’नंतर एकसुद्धा शब्द लिहावा लागला नव्हता. तिने चष्मा काढला, पुसला, आणि रूथच्या ताटलीत आणखी पोहे वाढले.

लग्न टाऊन हॉलमध्ये झालं आणि जेवण एका मोठ्या हॉलमध्ये. वरच्या दिव्यांची उघडझाप झाली, लोकांचे हात शांत झाले आणि यमुना पुढे आली. भाषण तोंडपाठ होतं. पहिली तीन वाक्यं अमेरिकन भाषेत नीट गेली. चौथ्याला डावा हात उठला. तिने तो खाली घेतला, पण पुढचं वाक्य हरवलं होतं. समोर इतकी माणसं, सगळ्यांचे डोळे तिच्या हातांवर. इंटरप्रीटर अर्धवट उठली. मोहनने आपल्या खुर्चीतून नकळत भाषणाचा कागद पुढे केला.

यमुनाने कागद घेतला नाही. तिने दोन्ही हात वर आणले आणि जोसायाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. बैलगाडी ब्रिटिश भाषेत, शाळा अमेरिकन भाषेत, पाटी दोन्हींत. आईपाशी आल्यावर तिला अमेरिकन शब्द आठवेना. तेव्हा रूथ काठी टेकत उठली, तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने तो शब्द दाखवला. यमुनाने ब्रिटिश दाखवला. मग दोघींनी मिळूनच गोष्ट पुढे नेली. एका बाजूची माणसं हिच्याकडे बघत होती, दुसऱ्या बाजूची तिच्याकडे.

‘‘मी आयुष्यभर लोकांना ऐकू यावं म्हणून कानांची मापं घेतली,’’ शेवटी यमुना म्हणाली. ‘‘माझ्याशी बोलायचा कंटाळा मात्र दियाने कधी केला नाही. केलेब, तूही करू नकोस.’’

सगळा हॉल हात उंच करून हलवू लागला. बहिऱ्या माणसांच्या टाळ्या अशाच असतात. दिया खुर्चीवर चढून हात हलवत होती, आणि नऊवारीत खुर्चीवर चढू नये, असं तिला कुणीही सांगितलं नाही.

रूथ परत निघाली; ती लंडनहून विमान घेणार होती. मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनवर तिला गाडीत बसवून यमुना आणि मोहन प्लॅटफॉर्मवर थांबले. दारं बंद झाली. शेजारच्या खिडकीपाशी उभं असलेलं एक कुटुंब आतल्या मुलाला ओरडून काहीतरी सांगत होतं; त्याने कानाला हात लावून मान हलवली, तशी ती सगळी माणसं गप्प उभी राहिली.

यमुना आणि रूथचं बोलणं चालूच होतं. गुडघ्यांचं, रूथने बॅगेत नेलेल्या लिंबाच्या लोणच्याचं, केलेबला पहाटे लवकर उठवत नाही त्याचं. काचेचा त्यात काही अडथळा नव्हता.

गाडी हलली. यमुना चार पावलं बरोबर चालली. रूथ मान वळवून आणखी काहीतरी सांगत होती, आणि तिचा हात हवेत असतानाच खिडकी पुढे गेली.

‘‘काय म्हणाली?’’ मोहनने विचारलं.

‘‘अर्धंच दिसलं.’’

गाडीचा शेवटचा डबा छपराबाहेरच्या उन्हात जाईपर्यंत ती बघत राहिली. मग तिने मोहनच्या कोपरात हात घातला आणि दोघं ट्रामच्या दिशेने चालू लागले.