री जरा ओढा

दुकानमालकाच्या वकिलाने फोनवर सांगितलं, "तुमचं रिलीज तयार आहे, सही करून जा." शिंप्याने अर्थ लावला: रिलीज म्हणजे सुटका, म्हणजे दुकान सोडा. त्याने शिलाई मशीन झाकलं, कात्र्या गुंडाळल्या आणि बायकोला घेऊन वकिलाचं ऑफिस गाठलं.

"साहेब, जागा कधी रिकामी करू?"

"कशाला?" वकील चक्रावला. "री-लीज आहे हो. लीज म्हणजे भाडेकरार. तो पुन्हा केला, म्हणून री-लीज. मध्ये बारीक आडवी रेघ आहे, तिथे थांबायचं असतं."

"मग तुम्ही का नाही थांबलात?" शिंप्याच्या बायकोने विचारलं.

"घाईत होतो, वहिनी. री जरा ओढायला हवी होती."

"तर यांच्याकडून शिकून घ्या. जन्मभर सासूबाईंचीच री ओढतायत."

एरवी शिंपी चिडला असता. आज त्याने "री... लीज" असं दोनदा घोळवून म्हटलं आणि झोकात सही केली.

जिना उतरताना बायको म्हणाली, "आता तरी दुकानाची पाटी रंगवून घ्या."

"आजच," म्हणत तो रंगाच्या दुकानाकडे वळलासुद्धा.