नव्यासारखं करून दिलेलं पेन

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही मला जुनं म्हणणारच नाही. काळंभोर अंग, चकाकणारी निब, घट्ट बसणारं टोपण. पण माझं वय अडतीस आहे आणि आज माझी जी दशा झाली आहे, ती या चकाकीपायीच झाली आहे. मी हाताने घडवलेलं शाईचं पेन आहे. सध्या कळव्यातल्या एका घरात, टीव्हीच्या वरच्या फळीवर, मखमली डबीत पडून असतो. डबी फार सुंदर आहे. मला तिचा राग येतो.

माझा जन्म शहाडचा. स्टेशनपासून थोडं आत पोपटशेठची पत्र्याची शेड होती. लोक त्यांना शेठ म्हणत, पण शेठपणाचं त्यांच्याकडे काही नव्हतं. नखांत काळा भुसा आणि चष्म्याला बांधलेला दोरा, एवढाच त्यांचा थाट. कडक रबराच्या एका काळ्या कांडीतून त्यांनी मला लेथवर कातलं, पोखरलं, टोपणाचे आटे पाडले आणि कापडाने घासून घासून चमकवलं. तरीसुद्धा ते मला पेन म्हणेनात. घेणाऱ्याचा हात पाहिल्याशिवाय पेन पुरं होत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. गिऱ्हाईक आलं की ते त्याला एक ओळ लिहायला सांगत, बोटांकडे बघत बसत आणि मग निबेचं टोक त्या हाताजोगं घासून देत. याला ते 'हात बघणं' म्हणत.

मला न्यायला दोघी मायलेकी आल्या. आई शेवंती कळव्याच्या खाडीकाठची कोळीण, बाजारात मासळी विकणारी. मुलगी शीला, वय बावीस, ठाण्यातल्या एका शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागलेली. पोपटशेठनी कागद पुढे केला. शीलाबाईंनी उजव्या हाताने कशीबशी ओळ लिहिली.

"हा तुमचा हात नाही, बाई," पोपटशेठ म्हणाले. "शाईचा डाग डाव्या करंगळीखाली आहे."

बाईंनी डावा हात पदराखाली घेतला. तेव्हा शेवंतीच बोलली. "माजी पोर डावरी हाय, शेठ. शालेन हातावर पट्ट्या खाल्ल्यान तिनी, म्हनून लपवते."

"लपवायचं काय त्यात, मावशी? लिहू दे तिला तिच्या हाताने."

तुमच्यातलं कुणी डावखुरं असेल तर त्याला ठाऊक असेल. उजवा हात पेन ओढत नेतो, डावा हात ढकलत नेतो. साधी निब ढकलली की कागदात रुतते, अडते, अक्षर तुटतं. पोपटशेठनी दुपारभर बसून माझ्या निबेचं टोक एका बाजूने तिरकं घासलं. अनोळखी माणसाला वाटावं, ही निब एका अंगाने झिजून गेली आहे. पण बाईंनी डाव्या हाताने ती कागदावर टेकवली आणि ओळ सरसर गेली. त्या रडल्या. पोपटशेठनी आपल्या वहीत लिहून ठेवलं, 'शीला, कळवा, डावा हात, तिरकी निब', आणि नेहमीचं पुठ्ठ्याचं कार्ड दिलं: 'आजन्म हमी. केव्हाही आणा. हाताला बसेल तसं करून मिळेल.'

त्यानंतरची वर्षं माझ्या सुखाची. हजेरीपट, प्रगतिपुस्तकं, शाळा सोडल्याचे दाखले, सगळं माझ्या हातचं. म्हणजे बाईंच्या हातचं, पण मला तेव्हा जरा शिंगं फुटलेली होती. बक्षीस समारंभाच्या प्रमाणपत्रांवर नावं घालायची तर ती शीलाबाईंनीच, असा शाळेत दंडक होता. मुलं ती प्रमाणपत्रं काचेत लावून ठेवत. दर दिवाळीच्या सुट्टीत बाई मला शहाडला नेत. पोपटशेठ मला उघडून कोमट पाण्याने धूत, बाईंना ओळ लिहायला लावत आणि लिहिताना होणारा आवाज कान देऊन ऐकत. दोनदा मी टेबलावरून पडलो, दोनदा त्यांनी निब सरळ केली. बदलली मात्र कधी नाही.

एकदा एक गिऱ्हाईक त्यांना म्हणालं, "शेठ, पेन एकदम नव्यासारखं करून द्या." पोपटशेठ तडकले. "नवं पाहिजे तर दुकानात ढिगाने मिळतं. माझ्याकडे कशाला आलात?" तेव्हा मी त्यांना तिरसट म्हणून मनात हसलो होतो. माझी अक्कल तेवढीच.

बारा वर्षांपूर्वी शेवंतीआजी आजारी पडली. बाईंनी तिला चाळिशीत सही शिकवली होती. ती सही एकाएकी बारीक होऊ लागली. मुंगीएवढी अक्षरं, मध्येच तुटलेली. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. आधी अक्षर जातं, मग हात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि झालंही तसंच. आयुष्यभर मासळी कापणाऱ्या त्या हातांत पाण्याचा पेला ठरेना. पाच वर्षं बाईंनी आईला भरवलं, आणि ती गेली.

बाईंच्या मनात तेव्हापासून एक भीती बसली. आईचं दुखणं आपल्यालाही येणार. म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी त्या मला घेऊन वहीत तारीख घालत आणि लिहीत, 'आज हात ठीक.' एवढंच. ती ओळ सरळ आली की त्यांचा श्वास मोकळा होई. बॉलपेनने त्यांना कधी जमलंच नव्हतं, त्याने त्यांचं अक्षर जन्मभर वेडंवाकडंच आलं. त्यामुळे हाताची परीक्षा घ्यायला मी एकटाच होतो. निवृत्तीनंतरही ते चालू राहिलं. कुणी विचारलं तर बाई म्हणत, सवय आहे. खरं कारण त्यांच्या मुलालाही, संदेशलाही, माहीत नव्हतं.

मधल्या काळात पोपटशेठ गेले. त्यांचा मुलगा दिपेश धंदा ठाण्यात घेऊन आला. मुलगा चांगला, बोलायला गोड. त्याने बापाचं नाव ठेवलं, हमीसुद्धा ठेवली. वही तेवढी रद्दीत गेली, कारण आता सगळं कॉम्प्युटरवर होतं: मॉडेल, रंग, तारीख, तक्रार. हात कुठला, असा रकाना त्यात नव्हता. कार्डही नवीन छापलं. त्यावर होतं, 'लाइफटाइम वॉरंटी. तुमचं पेन नव्यासारखं करून मिळेल.' 'हाताला बसेल तसं' एवढंच त्यातून गेलं होतं, मित्रांनो. ते कुणाच्या नजरेत आलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या आट्यांतून शाई पाझरायला लागली. बाईंचा गुडघा दुखत होता, म्हणून संदेश कामावर जाता जाता मला ठाण्यात खोपटच्या डेपोजवळच्या दिपेशच्या नव्या दुकानात घेऊन गेला. दुरुस्तीला नयन नावाची बाई होती. तिने मला भिंगाखाली धरलं.

"दादा, आटे झिजलेत, ते करते. पण निब बघा ना, एका साइडने पार गेलीय. वॉरंटीत बसतंय, बदलून टाकते. चार्ज नाही."

संदेशच्या कानाला फोन होता. "हां हां, टाका ना बदलून. मस्त करून द्या, आईचं आहे."

नयनला मी दोष देत नाही. इतक्या मायेने माझा गळा कुणी साफ केला नव्हता. तिने वाईट काही केलं नाही, फक्त विचारलं नाही. माझी तिरकी निब उपसून तिने भंगाराच्या डब्यात टाकली आणि तश्शीच दिसणारी, त्याच छापाची, गोल टोकाची निब बसवली. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो.

घरी आल्यावर संदेशने डबी आईच्या हातात दिली. "सगळं ओके करून दिलंय, एक पैसा नाही घेतला." निबेचं सांगायचं तो विसरला. त्याची बायको वर्षाली आठ महिन्यांची गरोदर होती, त्याचं लक्ष तिकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला हातात घेतलं. तारखेलाच मी रुतलो. 'आज' तुटलं. पुढचं अक्षर आलंच नाही. अडू नये म्हणून त्या जपून, लहान लहान लिहू लागल्या, आणि ओळ बघता बघता मुंगीएवढी झाली. बाई त्या ओळीकडे बघत बसल्या. आतमध्ये चहा उतू गेला. त्यांनी चार दिवस तीच ओळ लिहून पाहिली, आणि चारही दिवस मी त्यांना तेच खोटं उत्तर दिलं.

पाचव्या दिवशी वर्षालीने वही पाहिली. "आई, पेनच बिघडलंय का?"

"पोपटशेठच्या घरचं काम आहे गं. त्यात खोट नसते."

"द्या बघू," म्हणत तिने मला उजव्या हातात घेतलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. मी लोण्यासारखा चाललो. मला थांबता आलं असतं, अडता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण गोल निब उजव्या हातात चालणारच.

"किती स्मूद चालतंय," वर्षाली खूश होऊन म्हणाली.

"हो ना," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी टोपण लावलं. त्या क्षणी त्यांचा निकाल लागला.

डॉक्टरकडे गेल्या असत्या तर हात तपासून त्यांनी बाईंना हसत घरी पाठवलं असतं. पण बाई गेल्या नाहीत. आईला घेऊन पाच वर्षं दवाखान्यात बसल्या होत्या, तिथे काय ऐकायला मिळतं ते त्यांना पाठ होतं. शिवाय घरात बाळ येणार होतं. त्या आनंदात हे दुखणं कुणाला सांगायचं? शाळेचा शिपाई प्रभाकर प्रमाणपत्रांचा गठ्ठा घेऊन आला, तर बाईंनी दारातूनच परत पाठवला. "दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. मला आता जमायचं नाही."

मुलगी झाली. बारशाला घर माणसांनी भरलं. आत्याने नाव ठेवलं, दक्षता. आपल्याकडे पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहतात, आणि बाळ एकीच्या हातून दुसरीच्या हातात, पाळण्याखालून आणि पाळण्यावरून जातं. आजीचा मान पहिला. सगळ्या बाईंकडे बघू लागल्या.

"मला नको," बाई म्हणाल्या. "माझ्या हाताचा भरवसा नाही."

"अगं आई, काय बोलतेस?" संदेश हसला. बायकाही हसल्या. बाईंनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले, डावा आत, उजवा त्याच्यावर, आणि त्या मागे सरकल्या. बाळ दुसऱ्या कुणी घेतलं. त्या दिवसापासून आजतागायत बाईंनी नातीला एकदाही उचललेलं नाही. ते हात ठणठणीत आहेत, मित्रांनो. त्या हातांत काही म्हणजे काही झालेलं नाही.

मध्यंतरी दुकानातून संदेशच्या मोबाइलवर मेसेज आला. पेन कसं चाललंय, आमच्या सेवेबद्दल दोन शब्द लिहा, किती तारे द्याल. आजवर विक्रीनंतर इतकी विचारपूस कुणी केली नसेल.

"आई, काय लिहू गं?"

बाईंनी फळीवरच्या डबीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "लिही, पेन अगदी नव्यासारखं करून दिलं. पूर्ण तारे दे. त्यांची काही चूक नाही."

संदेशने तसंच लिहिलं. दुकानाने आभार मानले आणि ते वाक्य आपल्या जाहिरातीत घातलं.

आता दक्षता रांगते. काल दुपारी वर्षाली कपडे वाळत घालायला गेली होती. पोर रांगत बाईंच्या पायाशी आली, त्यांच्या साडीला धरून उभी राहिली आणि वर घेण्यासाठी हात पसरले. बाईंनी आपले हात मांडीखाली दाबून धरले आणि "वर्षाली, हिला घे गं," अशी हाक मारली. वर्षालीला यायला वेळ लागला. पोर रडत राहिली. बाईही रडत होत्या, पण हात काही त्यांनी बाहेर काढले नाहीत.

मित्रांनो, उपदेश करण्याइतकी माझी लायकी उरलेली नाही. तरी एक मागणं आहे. घरातल्या कुणाचं पेन, चष्मा, काठी, काहीही दुरुस्तीला देणार असाल, तर ज्याचं आहे त्याला बरोबर न्या. नाहीच जमलं, तर काय बदललं ते घरी आल्यावर सांगायला विसरू नका. आणि तुमच्यातलं कुणी पुढे दुरुस्ती करायला बसलं, तर झिजलेलं दिसलं म्हणून लगेच उपसू नका. आधी विचारा, हे कुणाच्या हातातलं आहे.

माझ्या बाईंना हे कुणी विचारणार नाही. त्यांचा हात शाबूत आहे, हे या घरात फक्त मला माहीत आहे. ते त्यांना सांगायचं तर मला लिहावं लागेल, आणि लिहायला मला त्यांचाच हात लागतो.