आवाज फाटतोय

"आता फाटला बघ. ह्ये, आता!"

लवूने स्टिअरिंगवर थाप मारली. शेजारच्या सीटवर शशिकांत डोळे मिटून, मान तिरकी करून बसला होता. गाण्यातली बाई वरच्या पट्टीत गेली, ढोलकी तिच्या मागे धावली आणि दोघी मिळून खाली उतरल्या. सगळं स्वच्छ होतं.

"परत लाव," तो म्हणाला.

लवूने परत लावलं. "ह्ये! पत्र्यावर खिळा वढल्यागत. तुला न्हाय आयकू येत?"

"आला, आला." शशिकांत दार उघडून खाली उतरला. "आलं लक्षात. ठेवून जा गाडी."

त्याच्या काहीच लक्षात आलं नव्हतं.

लवूची ही व्हॅन दुसऱ्यांदा परत आली होती. उत्तनजवळच्या चौक गावात त्याचं घर. सकाळी मासळी पोचवायची आणि उरलेला दिवस गाणी लावून गावभर फिरायचं, असा त्याचा खाक्या. कंपनीचा साधा टेप काढून त्याने शशिकांतकडून सगळी सिस्टीम नवी बसवून घेतली होती. नवे स्पीकर, सीटखाली अॅम्प्लिफायर, मागे वूफरचा डबा.

"उद्या भाचीची हळद हाय," लवू म्हणाला. "मांडवाच्या तोंडाशी हीच गाडी लावनार, मागचं दार उघडून. मागल्या खेपेला तू बोल्लास, स्पीकर नवं हाईत, वाजून वाजून मोकळं होतील. वाजवलं. आता बायको बोलते, तुज्या गाडीत बसून माजं दात शिवशिवतात. उद्या सगल्या गावाचं दात शिवशिवलं तर मना समुद्रात बुडवतील."

"संध्याकाळी घेऊन जा. नीट होईल."

"होईल ना नक्की?"

"लवू, आजपर्यंत माझ्या हातनं गेलेली गाडी फाटकी वाजलीय का?"

"न्हाय बाबा. तुजा कान म्हंजे कान." लवूने रिक्षाला हात केला आणि तो गेला.

दुकान भाईंदर पश्चिमेला, मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एका गाळ्याचे मधोमध दोन भाग केलेले. एका भागात शशिकांत, दुसऱ्यात हंसाबेनचं सीटकव्हरचं दुकान. शशिकांत महाडहून आला, लॅमिंग्टन रोडला एका पारशी कारागिराच्या हाताखाली शिकला आणि मग इथे आला. बाकीचे फिटर मीटर लावून, मोबाइलवर आलेख बघून सिस्टीम जुळवायचे. शशिकांत गाडीत बसायचा, काचा वर करायचा आणि ऐकायचा. टेप बदलायला आलेला माणूसही त्याला सांगायचा, शशीभाऊ, जरा कान लावून बघा ना. वसईपासून माणसं यायची ती त्या कानासाठी.

त्याने दाराचे पॅड काढायला घेतले.

खूप आवाज करून वाजवलं की स्पीकरची गुंडाळी जळते आणि तो फाटतो. त्याने एकेका स्पीकरच्या कागदावर चार बोटं टेकवून हलकेच दाबलं. कागद मऊपणे आत गेला, मऊपणे वर आला. घासत नव्हता. मग वायरी. एखादी तुटकी तार दाराच्या पत्र्याला लागत असेल म्हणून त्याने सगळी वायर हातातून ओढून पाहिली. मग अर्थिंग. बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, बोल्ट पुन्हा आवळला. टेप काढून दुसरा लावला, तो काढून पहिला लावला. दर वेळी गाणं लावलं आणि ऐकलं. दर वेळी ते तसंच होतं, छान.

अॅम्प्लिफायरची सेटिंग तेवढी त्याने बघितली नाही. ती त्याने स्वतः कानाने बसवली होती. तिथे चूक असायचं कारणच नव्हतं.

"शशीभाई!" हंसाबेन शिवणयंत्रावरून उठून बाहेर आली. "सुबह से एक ही गाना! मारुं माथुं दुखवा लाग्युं."

"टेस्टिंग है, हंसाबेन."

"टेस्टिंग धीरे से नहीं होता? पहले तुम सबको बोलता था, भाई आवाज कम करो, स्पीकर मर जाएगा. अब्बी तुम ही..." तिने हात उडवला आणि आत गेली. वाक्याचं शेपूट त्याला कळलं नाही. हल्ली लोक शब्द तोंडातच खातात, असं त्याला वाटायचं.

तो दुकानातून रस्त्यावर आला, रस्त्यावरून आत गेला. पाणी प्यायला. पाना शोधायला लागला आणि तो त्याच्याच हातात होता. मीरा रोडचं यतीन नावाचं गिऱ्हाईक मागच्या महिन्यात हीच तक्रार घेऊन आलं होतं. त्याला शशिकांतने सांगितलं होतं, तुमचे स्पीकर डुप्लिकेट आहेत. त्याच्या आधी एक बाई आली होती. तिला म्हणाला, मोबाइलवर आलेली गाणी अशीच वाजणार, ओरिजिनल घ्या. पण लवूचे स्पीकर त्याने स्वतः आणले होते. गाणीही त्याच्याच पेनड्राइव्हवरची होती. आता दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं.

त्याची बायको सुलू डबा घेऊन आली तेव्हा त्याने पॅड परत बसवले होते आणि तो ते पुन्हा काढायच्या बेतात होता. ती लोकांकडची सकाळची स्वयंपाकाची कामं उरकून, घरी जाऊन डबा भरून यायची. दोघं जेवायची दुकानातच, पण आज आत सगळीकडे वायरी आणि स्क्रू पसरले होते.

"बसायचं कुठे? डोक्यावर?" तिने विचारलं.

"गाडीत बस. सावली आहे."

ती मागच्या सीटवर बसली, मांडीवर डबा उघडला. तो पुढे बसला आणि सवयीने त्याचा हात बटणावर गेला.

"जेवताना तरी राहू दे ना हो."

"एकदाच."

त्याने गाणं लावलं. आरशात सुलू दिसत होती. तिने भाकरी मोडली, कालवणात बुडवली. बाई वरच्या पट्टीत गेली. त्याच क्षणी सुलूने डोळे घट्ट मिटले, आंबट लिंबू दाताखाली आल्यासारखे. बाई खाली उतरली, डोळे उघडले.

शशिकांतने गाणं थांबवलं.

"काय झालं?"

"कुठे काय? जेवा."

"सुलू, आता काय ऐकलंस?"

"मला काय कळतंय तुमच्यातलं? जरा करकरतं, एवढंच. काचेवर वाळू घासल्यावर करतं ना, तसं." तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घास खाली ठेवला. "असेल माझ्याच कानात."

दारांचे कुठले पत्रे थरथरतात ते शोधायला त्याच्याकडे एक ट्रॅक होता. गाणं नाही, नुसता सूर. भोंग्यासारखा जाड सुरू होऊन सरकत सरकत बारीक होत जाणारा. त्याने तो शोधून काढला.

"ऐकू येईल तोवर बोट वर ठेव."

"शाळेत बसवलंय की काय मला?"

"ठेव ना गं."

सुलूने डाव्या हाताचं बोट वर केलं. सूर घुमला, सीट थरथरली. मग तो माणसाच्या आवाजाएवढा झाला, मग बासरीएवढा, मग कुकरच्या शिट्टीएवढा. तिथून निमुळता होत गेला आणि संपला. शशिकांत आरशात बघत होता. बोट वरच होतं. ती विसरली असेल, असं त्याला वाटलं.

"संपलं की."

"अं? वाजतंय ना. कान किटले माझे."

त्याने टेपच्या पडद्याकडे पाहिलं. ट्रॅक चालू होता. गाडीत त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. काचेबाहेर एक माणूस काखेत पुठ्ठे घेऊन रस्ता ओलांडून पलीकडे पोचला. त्याच्यामागून एक बाई मुलाला ओढत गेली. बोट वर होतं. ते पोरगं मागे वळून वळून व्हॅनकडे बघत होतं. मग सुलूने बोट खाली घेतलं.

शशिकांतने ट्रॅक बंद केला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"मला कसं माहीत असणार?"

"टीव्हीचा आवाज तुम्हीच वाढवता. दिव्याचा फोन आला की हो हो म्हणता आणि फोन माझ्याकडे देता. परवा तिने विचारलं, बाबा, सोमवारी येऊ का? तुम्ही म्हणालात, छान आहे." सुलूला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "तेव्हापासून मी तुमच्या समोर आल्याशिवाय बोलत नाही. पाठीमागून बोललं की तुम्हाला कळत नाही."

"आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"काय बोलू? अख्खं भाईंदर कान कान करतं. त्यात मी जाऊन सांगू, अहो, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून?"

तो उतरला. सीटखाली वाकून त्याने अॅम्प्लिफायरवरचं झाकण काढलं. तिथे एक लहानसा स्क्रू असतो, त्याला गेन म्हणतात. टेपमधून आलेला आवाज किती वाढवायचा ते तो ठरवतो. मर्यादेपेक्षा वाढवला की आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जातात आणि त्यातून वरच्या पट्टीतली करकर निघते. हे शशिकांत नव्या पोरांना समजावून सांगायचा. गेन थोडा कमीच ठेवा रे, लोभ करू नका.

स्क्रू जवळजवळ शेवटपर्यंत फिरवलेला होता. टेपमधला बारीक आवाजही, म्हणजे ट्रेबल, वर चढवलेला होता. दोन्ही त्यानेच केलं होतं. गाण्यात पूर्वी ऐकू यायची ती झांजेची चकाकी येईना, म्हणून थोडं वाढवलं. तरी येईना, म्हणून अजून थोडं. लवूच्या गाडीत, यतीनच्या गाडीत, त्या बाईच्या गाडीत. त्याच्या कानातून जे गेलं होतं ते तो लोकांच्या गाड्यांतून भरून काढत होता.

"पुढे येऊन बस," तो सुलूला म्हणाला. "आणि सांग."

"हात खरकटे आहेत माझे."

"असू देत."

त्याने गाणं लावलं, स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवला आणि मागे फिरवला.

"आहे अजून," सुलू म्हणाली.

अजून फिरवला.

"आहे. कमी झालं, पण आहे."

टेपमधला बारीक आवाज त्याने मूळ जागी आणला. पुन्हा स्क्रू.

"गेलं," सुलू म्हणाली. मग, जरा वेळाने, "किती गोड गळा आहे हो हिचा."

शशिकांतला ती बाई गोधडीत तोंड घालून गात असल्यासारखी वाटत होती. झांज तर नव्हतीच. त्याच्या हाताला ओढ लागली, स्क्रू जरासा पुढे न्यावा, जरासाच. त्याने स्क्रूड्रायव्हर काढून खिशात घातला आणि झाकण लावलं. मग तो उभ्याउभ्याच जेवला. कालवण गार झालं होतं.

लवू आला तेव्हा उन्हं कलली होती. सुलूची संध्याकाळची कामं होती, तरी ती गेली नव्हती. लवूने आत बसून गाणं लावलं, आवाज वाढवला, अजून वाढवला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून तो ओरडला, "आरं, ह्येच! ह्येच पायजे होतं! काय होतं रं?"

"सेटिंग," शशिकांत म्हणाला.

"वैनी, तुमच्या नवऱ्याचा कान सोन्यानं मढवा. उद्या दोगं हळदीला या, सांगून ठेवतो. वैनी, तुमाला नाचायला लावनार!"

"येऊ की," सुलू म्हणाली. तिने शशिकांतकडे पाहिलं नाही. तो कान कोणाचा होता, ते त्यानेही सांगितलं नाही. व्हॅन उत्तनच्या रस्त्याला लागली.

तिची धूळ खाली बसते न बसते तोच हंसाबेन गळ्यात मापाची टेप अडकवून दारात आली. तिच्यामागे एक कोरी पांढरी गाडी उभी होती, सीटवरचं प्लास्टिकही न काढलेली.

"शशीभाई, पार्टी है. नवी गाडी, पूरा सिस्टीम डालना है. मैंने बोला, बाजू में ही अच्छा कानवाला बैठा है. भेजूं?"

शशिकांतने हात पुसले. फडकं घडी करून काउंटरवर ठेवलं. जे आता म्हणायचं होतं ते मराठीत त्याला सुलूसमोरही म्हणता आलं नव्हतं.

"भेजो," तो म्हणाला. "लेकिन उनको बोलना, सेटिंग के टाइम खुद बैठें. फिटिंग मैं करूंगा, सुनना उनको पडेगा. मेरे को बारीक आवाज सुनाई नहीं देता."

पाठीमागे सुलू पिशवीत डबा ठेवत होती. तिचा हात थांबला असावा.

हंसाबेन त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मान वळवली, त्या पांढऱ्या गाडीकडे, की रस्त्याकडे, आणि ती काहीतरी हळू बोलली. तिचा गाल हलताना त्याला दिसला. एवढ्यावर तो एरवी हसला असता, हां हां म्हणाला असता आणि कामाला लागला असता.

तो दोन्ही दुकानांमधली पायरी उतरला आणि तिच्या समोर जाऊन उभा राहिला.

"फिर से बोलो, हंसाबेन," तो म्हणाला. "इधर देखके."